न पडलेला बर्फ

माझ्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला अंदाज चुकला तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि तो चुकताना बघायला ॲरिझोनातल्या चँडलर गावचं झाडून सगळं महाराष्ट्र मंडळ हजर होतं. त्यानंतर पोटापाण्यासाठी मी किती अंदाज केले त्याची गणती नाही. बरेचसे बरोबर आले, काही असे चुकले की विचारू नका. पण त्यांतला एकही मला त्या रविवारच्या अंदाजाइतका प्यारा नाही. म्हातारपणी माणूस आठवणी लिहायला बसला की जुन्या चुकांबद्दल हळवा होतो, असं म्हणतात. मी होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना हळवेपणा हवा असेल त्यांनी हे प्रकरण सोडून पुढे जावं.

ॲरिझोनाचा उन्हाळा सरळ असतो. तापतो म्हणजे तापतो, त्याच्याशी वाद नाही. हिवाळा तर इतका सभ्य की आला कधी आणि गेला कधी कळत नाही. लबाडी सगळी वसंतात. कॅलिफोर्नियाच्या बाजूनं थंड हवेचा एक लोट निघतो. तो आधी आमच्या सपाटीवर वारा सोडतो, वारा कापसाच्या नांगरून ठेवलेल्या शेतांतली माती उचलतो, आणि तोच लोट डोंगर चढला की वर पाइनच्या जंगलात बर्फ पाडतो. म्हणजे सकाळी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दुपारी डोळ्यांत माती, आणि गाडीनं दोन तास वर गेलं की टायर बर्फात फिरतायत. किंवा यातलं काहीच नाही. लोट वाटेत रुसतो, दुसरीकडे वळतो, आणि तुम्ही आपले स्वेटर हातात घेऊन उन्हात उभे. आई या सगळ्याला एकाच शब्दात ‘अवकाळी’ म्हणायची. मी म्हणायचे, अगं आई, इथे हाच काळ आहे. त्यावर ती म्हणायची, मग इथला काळच अवकाळी.

आम्ही नागपूरहून आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबा चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होते. त्यांचं काम क्लीनरूममध्ये चालायचं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडावर मास्क, हातांत मोजे, आणि आत शिरण्याआधी हवेच्या झोताखाली उभं राहून अंगावरची धूळ उडवायची. धुळीचा एक कण चिपवर बसला की ती चिप गेली. असा माणूस देवानं नेमका धुळीच्या गावात आणून ठेवला होता. बाबा घरी आले की दारातच बूट झटकायचे, खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबायचे आणि टीव्हीवर बोट फिरवून ते बोट आईला दाखवायचे. आई म्हणायची, “अहो, मी काय करू? मी बोलावलं का तिला?”

आईचं नागपूर विद्यापीठातलं संख्याशास्त्रातलं एम.एस्सी. होतं. इथे डिपेंडंट व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, म्हणून ते एम.एस्सी. पासपोर्टांच्या डब्यात पडून होतं आणि आई स्वयंपाकघरात होती. पण स्वयंपाकघरात तिनं मोजायचं एक भांडं कधी ठेवलं नाही. शेजारच्या अमेरिकन बाईनं एकदा मोजायच्या चमच्यांचा सुंदर संच भेट दिला, तो तिनं खिळ्याला टांगून ठेवला, वारं आलं की वाजायचा. मीठ चिमटीनं, तिखट हाताच्या तळव्यानं, पाणी बोटाच्या पेरानं. कुठल्याही पदार्थाचं प्रमाण विचारलं की एकच उत्तर, “अंदाजानं.” मला हा शब्द इंग्रजीच्या आधी आला, शाळेच्या आधी आला. पुढे माझा सगळा धंदा त्याच शब्दावर चालणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

माझी पहिली वेधशाळा म्हणजे आमची गुढी. बांबू कुठे मिळणार, म्हणून आई स्विमिंग पूल साफ करायचा ॲल्युमिनियमचा लांब दांडा धुऊन घ्यायची, त्याला जरीचा खण, साखरेची गाठी आणि वर नागपूरहून आणलेला तांब्याचा गडू. कडुलिंबाऐवजी आम्ही मेथीदाणे चावायचो आणि तोंड कडू करायचो. गुढी मागच्या अंगणात उभी राहिली की गडू दांड्यावर आपटून वाजायला लागायचा. मंद वारा असला तर थांबून थांबून टण, वारा वाढला की टणटण, आणि नैर्ऋत्येकडून जोरात सुटला की शाळा सुटल्यासारखा सतत घणघणाट. बाबा गडूत फडकं कोंबायला निघायचे आणि मी आडवी यायचे. मला तो आवाज ऐकायचा असायचा. दिशा बघायची, आवाज ऐकायचा, आणि मग पूर्वेला सुपरस्टिशन नावाच्या डोंगराकडे बघायचं. डोंगराचं खरंच हे नाव आहे. मंडळातल्या लोकांनी त्याचं बारसं ‘अंधश्रद्धा’ असं केलं होतं, आणि “आज अंधश्रद्धेवर ढग आलेत” हा विनोद दर आठवड्याला व्हायचा. पण मला त्या डोंगराच्या मागे भिंगासारखे गुळगुळीत, जागचे न हलणारे ढग दिसले की मी धावत घरात जाऊन बॅरोमीटरवर हवेचा दाब बघायचे. वर जोराचा वारा आहे आणि काहीतरी येतंय, याची ते ढग म्हणजे खूण.

हे वेड मला कुठून लागलं, तेही सांगते. तेरा वर्षांची होते. टूसॉनहून आम्ही घरी परतत होतो, असाच एप्रिल होता. बाबा चालवत होते, आई शेजारी, मी मागे. समोरच्या सपाट रानात तपकिरी भिंत उभी राहिली आणि आम्ही तिला बघेपर्यंत तिच्या आत होतो. गाडीचं बॉनेटसुद्धा दिसेना. बाबांनी हायवेच्या कडेला बाहेर उतरवून गाडी थांबवली आणि घाटात धुकं लागल्यावर आपण जे करतो तेच केलं. हेडलाइट, मागचे दिवे, चारी इंडिकेटर, सगळं लावलं, ब्रेकवर पाय दाबून धरला. मी ओरडले, “बाबा, दिवे बंद करा! सगळे! ब्रेकवरचा पायपण काढा!” रस्त्याच्या कडेचे बोर्ड मी एकटीच वाचायचे. त्यांवर लिहिलेलं होतं की धुळीत मागून आंधळेपणानं येणारा माणूस तुमचे लाल दिवे बघून त्यालाच रस्ता समजतो आणि सरळ तुमच्यावर येऊन आदळतो. बाबा म्हणाले, “वेडी आहेस का? दिसणार कसे आपण?” मी म्हटलं, “दिसायचंच नाहीये!” बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि दिवे घालवले. हँडब्रेक ओढला, पाय उचलला. आम्ही त्या तपकिरी अंधारात बसून राहिलो. गाडी पाळण्यासारखी हलत होती, वाळू काचेवर चरचरत होती, आणि आई मांडीवरच्या चिवड्याच्या डब्यावर पदर झाकून बसली होती, जणू धूळ फक्त चिवड्यालाच लागणार होती. एक मोठा ट्रक आमच्या शेजारून, रस्त्यावरून, धडधडत निघून गेला. त्यानंतर त्या दिवसाबद्दल बाबा कधी बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून आकाशाची झाले.

सतराव्या वर्षी मला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला. एक घराजवळचं, इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग. दुसरं ओक्लाहोमाच्या मैदानात, हवामानशास्त्र. बाबांनी पहिल्याचं नाव घेतलं की त्यांचा चेहरा उजळायचा आणि दुसऱ्याचं घेतलं की ते टीव्हीवरची धूळ पुसायला लागायचे. कुठे जाणार ते पाडव्यानंतरच्या सोमवारी कळवायचं होतं. बाबा एकदाच स्पष्ट बोलले. “हेमा, आपण इथे बाहेरून आलोय. इथल्या गोऱ्या पोराचा अंदाज चुकला तर तो चुकला. आपला चुकला तर आपण चुकलो, आपला देश चुकला, आपले आईबाप चुकले. जिथे उत्तर ठाम येतं असं काम कर. मी तेच केलंय.” ते खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला चीड आली. म्हणजे आयुष्यभर मी पांढरा सूट घालून फिरायचं, अंगावर कण बसू नये म्हणून? मी म्हटलं, “मला जायचंय.” ते म्हणाले, “रविवारची पिकनिक होऊन जाऊ दे. मग बघू.” ‘बघू’ म्हणजे नाही, हे मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला सांगायला लागत नाही.

पिकनिकचं असं होतं. खाली उकडायला लागलं की मंडळ पाडव्यानंतरच्या रविवारी वर डोंगरात, पेसन गावाच्या पुढे, पाइनच्या जंगलातल्या तळ्याकाठी जायचं. गाड्यांची रांग, पातेली, सतरंज्या, अंताक्षरी. गुरुवारी कमिटीची मीटिंग आमच्या घरी होती. अध्यक्ष बापट काका. पुण्याचे, बाबांच्याच कारखान्यातले, दिलदार आणि मस्करीखोर. बाबांना रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. आई साबुदाणा वडे तळत होती. पाडव्याच्या दिवशी गडू दिवसभर घणघणला होता, गुरुवारी माझ्या बॅरोमीटरचा काटा उतरला होता, आणि अंधश्रद्धेच्या मागे ती गुळगुळीत भिंगं रांगेनं उभी होती. हवामानाचा रेडिओ नुसता ‘शक्यता आहे’ म्हणत होता. मी नुसतं शक्यता म्हणून थांबणारी मुलगी नव्हते. वड्यांची थाळी ठेवता ठेवता म्हटलं, “काका, रविवारी वर जाऊ नका. दुपारी बर्फ पडेल, आणि उतरताना खाली धूळ लागेल. लहान मुलं आहेत.”

बैठक खदखदून हसली. बापट काका वडा हातात तसाच धरून म्हणाले, “अगं, आमच्या लहानपणी रेडिओवर ‘पाऊस पडेल’ सांगितलं की आमची आई गाद्या गच्चीवर उन्हात घालायची! तू तर काय, नागपूर वेधशाळा, चँडलर शाखा!” अजून हशा. वेधशाळेचा अंदाज ही मराठी माणसाची हक्काची करमणूक आहे, ती तो सातासमुद्रापलीकडेही घेऊन आला होता. मी हटले नाही. म्हटलं, “असं आकाश दहादा दिसलं तर सातदा वर बर्फ पडतो. तुम्ही पोरांना घेऊन त्या तीनवर जाणार का?” काका म्हणाले, “अगं, तीन म्हणजे काय कमी झाले का? दहात तीन चान्स असता तर आम्ही मेडिकलची सीटसुद्धा मागितली असती!” बाबा जमिनीकडे बघत होते. त्यांना लाज वाटत होती आणि ती माझी वाटत होती, ते मला सहन होईना. तेवढ्यात आई झारा हातात घेऊन बाहेर आली आणि साध्या आवाजात म्हणाली, “भावजी, श्रीखंड माझ्याकडे आहे. मी वर येणार नाही. श्रीखंडही येणार नाही.”

त्या काळी चँडलरला चक्का विकत मिळत नव्हता. आता दुकानात डब्यांच्या राशी असतात, केशर घातलेला, बिनकेशराचा, आंब्याचा. तेव्हा आई गॅलनभर दही फडक्यात बांधून बाथरूमच्या शॉवरला टांगायची आणि दोन दिवस आम्ही बादलीनं अंघोळ करायचो. ज्याच्या शॉवरला चक्का टांगलाय त्याच्याशी भांडायचं नसतं, एवढी अक्कल बापट काकांना होती. पिकनिक कॅन्सल केली. कार्यक्रम काकांच्या कॉलनीतल्या क्लबहाउसमध्ये ठरला. काका जाताना बाबांना म्हणाले, “ठीक आहे, वेधशाळेचा मान ठेवू. पण रविवारी ऊन पडलं तर तुमच्या पोरीला माइकवर उभी करणार हं!”

रविवारी असं ऊन पडलं की त्या वर्षी तसं पुन्हा पडलं नाही. ढगाचा ठिपका नाही. वारा नाही. क्लबहाउसच्या स्विमिंग पूलचं पाणी आरशासारखं. सुपरस्टिशन डोंगर इतका स्वच्छ दिसत होता की त्यावरच्या खाचा मोजाव्यात. लोट वाटेत तुटला होता आणि डोंगर चढायचं सोडून खाली मेक्सिकोकडे भटकत गेला होता. हे असं होतं. वसंतातले लोट असे मूळ प्रवाहापासून तुटतात आणि मग कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. आज माझ्याकडे उपग्रह आहेत, संगणक आहेत, तरी ते माझं ऐकत नाहीत. पण तेव्हा हे कुणाला सांगणार? गाडीतून उतरल्यापासून सुरू झालं. “छत्री आणलीस का?” “हेमाताई, स्वेटर घालू का गं?” बापट काकांची मुलगी रिया, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, “ओ माय गॉड, इट्स सो स्नोई, आय कान्ट फील माय टोज!” आणि स्वतःच्याच विनोदावर पाण्याकाठी लोळली. एक काकू गोड आवाजात आईला म्हणाल्या, “असू दे हो, अजून लहान आहे ती.” ते मला सगळ्यात लागलं.

जेवणं झाली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड, आणि मोठ्या पिंपात मठ्ठा. बापट काका माइकवर गेले आणि शब्दाला जागले. “आणि आता, रसिकहो, खास आपल्यासाठी, आजच्या हवामानाचा अंदाज! नागपूर वेधशाळेच्या प्रमुख, कुमारी हेमा!” टाळ्या, शिट्ट्या. मी बाबांकडे बघितलं. ते डोळ्यांनीच ‘नको’ म्हणत होते. मी गेले.

माइक माझ्यापेक्षा उंच होता, काकांनी तो वाकवून दिला. मी म्हटलं, “मी सांगितलं होतं, आज वर बर्फ पडेल. पडला नाही. माझा अंदाज चुकला.” काका मागून म्हणाले, “माफ केलं, माफ केलं!” आणि सगळे पुन्हा हसले. मी वळून म्हटलं, “काका, मी माफी मागितलेली नाही.”

हसू एकदम थांबलं नाही, ते कडेकडेनं विरत गेलं. मी पुढे बोलले. “गुरुवारी जसं आकाश होतं तसं पुढच्या वर्षी दिसलं, तर मी पुन्हा हेच सांगणार. त्याच्या पुढच्या वर्षी दिसलं तर तेव्हाही. तुम्हाला हसायचं तर हसा. दहात सात म्हटलं म्हणजे तीनदा मी चुकणारच. न चुकणारं कुणी हवं असेल, तर ज्योतिषाकडे जा.” आता कुणीच हसत नव्हतं, आणि मला कळलं की मी जरा जास्तच बोलले आहे. त्या दिवशी ते कळलं आणि त्या दिवशीच मी ते विसरून गेले. काका मात्र हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, “हो, पण बेटा, तीनदा चुकणार हे आधीच माहीत असेल, तर मग अंदाज म्हणजे थापच की गं! काय उपयोग?”

“भावजी,” मठ्ठ्याच्या पिंपापाशी उभी असलेली आई म्हणाली. तिला माइक लागला नाही. “आज मसालेभात खारट झालाय.”

कुणीतरी घाईनं म्हणालं, “छे छे वहिनी, छान झालाय!”

“खारट झालाय,” आई म्हणाली. “एवढा मोठा भात मी याआधी केला नव्हता. मिठाचा अंदाज चुकला. तुम्हा सगळ्यांना पहिल्या घासाला कळलं. कुणी एक शब्द बोललं नाही, गपचूप वाटीवर वाटी मठ्ठा प्यालात. पिंप रिकामं आहे, या, बघा. म्हणून उद्यापासून मी स्वयंपाक सोडायचा? का तुम्ही जेवायचं सोडणार?” ती थांबली. मग तिच्या नागपूरच्या खणखणीत आवाजात म्हणाली, “माझा अंदाज चुकला की मठ्ठा पिता, आणि तिचा चुकला की टाळ्या पिटता? हे काय लावलंय तुम्ही लोकांनी?”

मग त्याच काकू, मला लहान म्हणणाऱ्या, तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. “बाप्पा, खरंच खारट झालाय हो!” त्या म्हणाल्या, आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. बापट काका दोन्ही हात वर करून म्हणाले, “वहिनी, मी दोन वाट्या प्यालो. कबूल!” रिया ओरडली, “आय हॅड फोर!” मला वाटतं, त्या मंडळात अन्नाबद्दल खरं बोलायची ती पहिलीच वेळ असावी. मी माइकपाशी उभी होते आणि मला रडू येत होतं. मी रडले नाही. माझ्या आईचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तिच्या पासपोर्टांच्या डब्यातल्या त्या कागदाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

घरी जाताना मागच्या सीटवर माझ्या मांडीवर उरलेल्या मसालेभाताचं पातेलं होतं. बाबांनी नेहमीचा रस्ता सोडला आणि कापसाच्या शेतांच्या कडेनं गाडी घेतली. एका ठिकाणी थांबवली. समोर सपाट नांगरलेली जमीन, तिच्या टोकाला सुपरस्टिशनचा डोंगर, वर नुसतं निळं आकाश, ज्यात माझ्या बाजूनं बोलणारा एक ढग नव्हता. बाबांनी इंजिन बंद केलं.

“टूसॉनच्या रस्त्यावर,” ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “तू म्हणालीस, दिवे घालवा. तेव्हा तुला खात्री होती?”

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. चार वर्षं झाली होती. मग म्हटलं, “नाही.”

“नव्हती?”

“बोर्डवर वाचलं होतं, बाबा. खरं की खोटं मला काय माहीत? बरोबर असेल असं वाटलं.”

“आणि एवढ्या जोरात ओरडलीस?”

“हळू सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?”

आई खिडकीबाहेर बघत होती, पण तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसतेय. धुळीचा एक थर डॅशबोर्डवर होता, बाबांनी तो पुसला नाही. मग ते म्हणाले, “मी चार वर्षं समजत होतो की तुला माहीत होतं. म्हणून ऐकलं, असं मनाशी म्हणत होतो.” थोड्या वेळानं, अगदी नागपूरच्या बोलीत, जी ते कारखान्यात आणि मंडळातही कधी बोलत नसत, म्हणाले, “तिकडे ओक्लाहोमात तुले चुकायचा पगार देतील काय?”

“चुकायचा नाही, बाबा. सांगायचा.”

त्यांनी गाडी सुरू केली. “कळव मग उद्या त्यांना,” ते म्हणाले. “जा.”

बर्फ त्या आठवड्यात पडला नाही. पुढच्याही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण शेवटी विचारतो की मग दोन दिवसांनी पडला ना? नाही पडला. त्या वसंतात वर एक पांढरा कणही पडला नाही, आणि मंडळाला ते तळं बघायला न मिळालेलं ते एकमेव वर्ष ठरलं. बापट काका मला शेवटपर्यंत वेधशाळाच म्हणायचे. मी ऑगस्टमध्ये ओक्लाहोमाला गेले. आईनं बॅगेत तिखट, गोडा मसाला आणि खिळ्यावरचा तो मोजायच्या चमच्यांचा संच घातला. “वापरू नकोस,” म्हणाली, “वाऱ्यात टांग.”

आता मी न्यू मेक्सिकोत असते, जिथे डोंगर संपतात आणि मैदान सुरू होतं. चमचे माझ्या मागच्या दारात टांगलेले आहेत. लोट अजून तसेच येतात, आधी मैदानात माती, मग डोंगरावर बर्फ, किंवा यातलं काहीच नाही. निवृत्ती जवळ आली आहे. ऑफिसातली तरुण मुलं मला सांगतात की मी अंदाज फार ठाम शब्दांत लिहिते, थोडं सांभाळून लिहावं. मी त्यांना सांगते की हळू सांगितलेलं कुणी ऐकत नाही. मागच्या वसंतात मी वादळाचा इशारा दिला, शाळा बंद ठेवल्या गेल्या, आणि दिवसभर पान हललं नाही. मुलांच्या आईबापांनी ऑफिसात फोनवर फोन करून मला शिव्या घातल्या. मी प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि कुणाचीही माफी मागितली नाही.

आई जाऊन काही वर्षं झाली. ती गेल्यावर बाबा, आयुष्यभर मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस, या वयात स्वयंपाक शिकले, आणि मीठ चिमटीनं घालतात. रोज काहीतरी बिघडतं. मला फोन करून सांगतात, कुरकुरत नाही, अभिमानानं. त्या इशाऱ्याच्या दिवशी संध्याकाळी घरी पहिला फोन त्यांचाच आला. त्यांनी चँडलरहून टीव्हीवर आमच्याकडचं निळं आकाश बघितलं होतं. हॅलो नाही, कशी आहेस नाही. एवढंच म्हणाले, “काय वेधशाळा, खारट झालं का? मठ्ठा पी आणि झोप.”

आज पुन्हा पश्चिमेकडून लोट निघालाय. दारातले चमचे सकाळपासून वाजतायत. उद्या दुपारी मैदानात वारा आणि धूळ, रात्री डोंगरावर बर्फ, असं मी लिहून दिलं आहे, ठाम शब्दांत. पडला नाही, तर परवा पुन्हा लिहीन.